रोल्ला वॉर्डातली एकुलती एक निवडणूक

आमच्या मंडळाच्या घटनेत ‘शारजा व उत्तर विभाग’ असं एक कलम होतं. आता ते नाही. कलम मंजूर झालं तेव्हा मी सभेत होते आणि ते काढून टाकलं तेव्हाही होते. मधल्या काही वर्षांत जी धमाल झाली, ती मला अमिरातीत त्याआधी किंवा नंतर कधी अनुभवायला मिळाली नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही शारजात रोल्लाला राहायचो. नवरा दुबईत एका काँट्रॅक्टिंग कंपनीत इंजिनीअर. मी पुण्यातली बँकेची नोकरी सोडून आले होते आणि त्याच्या व्हिसावर घरी बसले होते. मुलगी तिसरीत. सकाळी दोघं बाहेर पडले की मी खिडकीशी उभी राहून खाली सोन्याच्या दुकानांची शटरं वर जाताना बघायची. कंटाळा हा शब्द त्याला पुरेसा नव्हता. बँकेत रोज शंभर माणसांशी बोलणारी मी, इथे दुपारपर्यंत फक्त खालच्या बकालावाल्याशी, म्हणजे वाण्याशी बोलायची, तेही ‘दूध, दही, खलास’ एवढंच.

मराठी मंडळ दुबईचं. कार्यक्रम बर दुबईतल्या शाळांमध्ये. गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, शारजाहून निघालं की गाडी रस्त्यात अडकायचीच. गणपतीची आरती आम्हाला कधी मिळाली नाही, प्रसाद तेवढा मिळायचा. दुबईकर हसून म्हणायचे, काय, गावाकडून आलात का? तेव्हा आम्हीही हसायचो.

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेला आम्ही पोचलो तेव्हा हिशेब मंजूर होऊन गेले होते. शेवटी अध्यक्षांनी रिवाज म्हणून विचारलं की कोणाची काही सूचना आहे का. मी कधी सभेत तोंड उघडलेलं नव्हतं. काय झालं कोण जाणे, मी उभी राहिले. म्हटलं, “अबुधाबी लांब आहे म्हणून तुम्ही त्यांना कमिटीत एक जागा दिलीत. आज आम्हाला शारजाहून यायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात अबुधाबीची माणसं येऊन, चहा पिऊन बसली होती. मग आमची जागा कुठे आहे?”

मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. मागची रांग म्हणजे सगळे उशिरा आलेले शारजाकरच. अध्यक्ष भले गृहस्थ होते, ते म्हणाले की मुद्दा बरोबर आहे. कमिटीतल्या एकांना घटना-नियम यांची फार हौस, त्यांनी लगेच कागद ओढला. दुबईची हद्द संपते त्या मम्झारच्या पुढे जे जे येईल ते सगळं एका विभागात घालायचं ठरलं: शारजा, अजमान, उम्म अल कुवेन, रास अल खैमा, फुजैरा. नकाशात बघितलं तर आमचा मतदारसंघ दुबईपेक्षा मोठा. त्यातला बराचसा भाग डोंगर आणि वाळू, आणि मतदार जवळजवळ सगळे रोल्लाच्या चार गल्ल्यांत. म्हणून पहिल्या दिवसापासून सगळे त्याला रोल्ला वॉर्डच म्हणायला लागले.

एक अट मात्र घातली. निवडणुकीआधी या विभागात निदान साठ कुटुंबं सभासद झाली पाहिजेत, नाहीतर कलम आपोआप रद्द. त्या वेळी आम्ही वीसही नव्हतो. परत येताना गाडीत नवरा म्हणाला की हे काही व्हायचं नाही, तू उगीच जीवाला लावून घेऊ नकोस. मला तर झोप येईना. इतक्या महिन्यांनी मला काहीतरी काम होतं.

पहिल्या आठवड्यात मी इमारतींच्या खालच्या पाट्या वाचत हिंडले, आमच्या नातूरला, म्हणजे वॉचमनला, हिंदीत विचारलं, “मराठी लोग कौनसे फ्लॅट में हैं?” तो केरळचा. त्याने मलाच विचारलं, मराठी म्हणजे बॉम्बे का? जमलेल्या कुटुंबांचा आकडा तिशीच्या पुढे सरकेना.

आमच्याच मजल्यावर, समोरच्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब होतं. नवऱ्याचं रोल्लात रंगांचं नि हार्डवेअरचं दुकान, बाई माझ्याच वयाच्या, दोन मुलं. दोन वर्षं आम्ही लिफ्टमध्ये एकमेकींशी हिंदीत बोलत होतो. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा यायचा, दिवाळीला माझ्याकडून चकल्या जायच्या. मी त्यांना भाभी म्हणायची. त्या हैदराबादच्या असाव्यात असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं, का ते मला आजही सांगता येणार नाही.

एक दिवस मी लिफ्टची वाट बघत उभी होते. त्यांचं दार उघडं होतं आणि त्या फोनवर मोठमोठ्याने आईशी बोलत होत्या. कोणीतरी गावाहून येणार होतं आणि त्याच्याबरोबर आई भलंमोठं बोचकं पाठवत होती. भाभी म्हणत होत्या, “अगो बाय माझे, वजन किती होईल त्याचं? नुसते सुके बोंबील नि कोकमं दे, फणस नको.”

लिफ्ट आली आणि गेली. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि मराठीत विचारलं, “भाभी, तुम्ही मराठी बोलता?”

फोन ठेवून त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “दापोलीची आहे मी. दहावीपर्यंत मराठी शाळेत होते. तुम्ही मद्रासकडच्या ना?”

आम्ही दारातच खाली बसून हसलो. दोन वर्षं, एकाच मजल्यावर. त्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे जेवले आणि वॉर्डाची सगळी हकिगत सांगितली. साठ कुटुंबं हवीत हे ऐकून त्या म्हणाल्या, “एवढीच? साठ तर या दोन गल्ल्यांत निघतील. तुम्हाला कोणी विचारलं नसेल, वहिनी. आम्हालाही कोणी विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी दारोदार हिंडायला लागलो आणि ज्या इमारतींत मी कोरडी फिरले होते, त्याच इमारतींत दारं उघडायला लागली. खेड, चिपळूण, श्रीवर्धन, मुरूड. कोणी बंदरावर नोकरीला, कोणाचं एसी दुरुस्तीचं दुकान, कोणी नर्स. घरात आपसात त्यांची कोकणी चालायची, आमच्याशी शाळेतलं स्वच्छ मराठी. मुलं मात्र सगळ्यांची सारखीच, काहीही विचारा, उत्तर इंग्लिशमध्ये. एसीवाल्या गृहस्थांनी गावच्या नाटकांत कामं केली होती. त्यांनी आम्हाला चहा देऊन एक अख्खा प्रवेश म्हणून दाखवला आणि त्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली की आता हे रात्री जेवणार नाहीत, अंगात आलंय. एका घरात सत्तरीच्या पुढची एक आजी होती. मुलाने नुकतीच गावाहून आणलेली. ती म्हणाली, सभासद व्हायला काही लागत नाही ना? मग माझंही नाव लिहा, मी अजून कशाचीच सभासद झाले नाही.

सगळीकडेच असं स्वागत झालं असं नाही. एका घरात मालकांनी शांतपणे विचारलं की दंगलीत मुंबईत ते सगळं झालं तेव्हा तुमच्या मंडळाने काही म्हटलं होतं का. भाभींनीच विषय पुढे नेला. जिन्यात त्या मला म्हणाल्या की ते येतील, थोडा वेळ द्या. आणि ते खरंच आले, शेवटच्या दिवशी, सगळ्या कुटुंबाचे फोटो घेऊन.

साठाच्या जागी आम्ही जवळजवळ नव्वद अर्ज दुबईला नेऊन दिले. घटना-नियमांची हौस असलेल्या त्या गृहस्थांचा संध्याकाळी मला फोन आला. एवढे एकदम कुठून आले, असं म्हणून मग जरा घुटमळत विचारलं, “ही सगळी आपलीच माणसं ना?”

मी म्हटलं, “अर्ज मराठीत भरलेत. वाचून बघा.”

वॉर्ड कायम झाला. मी आनंदाने घरात नाचले. आता उमेदवार मीच हे मी गृहीतच धरलं होतं. मागणी माझी, हिंडले मी. उमेदवारी अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी भाभी माझ्याकडे आल्या. सोफ्याच्या अगदी कडेवर बसल्या.

“वहिनी, मी उभी राहतेय,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत तुम्हाला सांगायला आले.”

कोणी सांगितलं का उभं राहायला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की कोणी नाही, घरच्यांना तर अजून माहीतही नाही. “तुम्ही निवडून आलात तर तुम्ही आमचं काम चांगलंच कराल. पण मला कधी कोणी काही निवडू दिलं नाही, वहिनी. शाळेतही मॉनिटर मास्तरच नेमायचे. मला एकदा बघायचंय.”

त्या गेल्यावर मी बराच वेळ भांडी घासत राहिले. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण खरीखुरी निवडणूक होणार होती. समोरासमोर दोन दारं, आणि दोन उमेदवार.

नियमांप्रमाणे, ज्यांना वाचता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी चिन्हं ठेवली. मी समई घेतली, भाभींनी होडी. चित्रं काढायचं काम मुलांकडे. माझ्या मुलीने एक दुपारभर होड्या काढून भाभींच्या घरी नेऊन दिल्या. मी विचारलं की तू कोणाच्या बाजूची, तर म्हणाली, “मम्मी, बोट इज इझियर.”

खरी अडचण वेगळीच होती. मला गाडी चालवता येत नव्हती. भाभींकडे लायसन्स होतं आणि जुनी पांढरी गाडीही होती. प्रचाराला त्या मला हाक मारून जायच्या. अजमानला, उम्म अल कुवेनला आम्ही एकाच गाडीतून गेलो. एका घरात आधी मी बोलायची, मग त्या. मी म्हणायची की मुलांसाठी दर आठवड्याला मराठीचा वर्ग काढीन, वाचनालय करीन. त्या म्हणायच्या की वर्ग वहिनींनाच काढायला लावीन, पण आधी कार्यक्रम शारजात आणीन आणि दुबईच्या कार्यक्रमाला बस ठेवीन, कारण इथल्या निम्म्या बायका नवऱ्याची ड्युटी असली की घरी बसतात. गाडीत परत बसल्यावर मी त्यांना सांगायची की बसचा मुद्दा जोरदार आहे, आणि त्या सांगायच्या की तुम्ही फार भरभर बोलता, म्हाताऱ्यांना कळत नाही.

रास अल खैमाला एकच कुटुंब होतं, सिमेंटच्या कारखान्यातल्या एका केमिस्टचं. ते दोघं आमची इतकी वाट बघत होते की आम्हाला पुरणपोळीचं जेवण केलं. महिनोन् महिने त्यांच्या घरी मराठी बोलणारं कोणी आलं नव्हतं. जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं की तुम्हा दोघींना अर्धं अर्धं मत देता येईल का. परतताना संध्याकाळ होत आली होती, रस्त्यावर वाळू वाहत होती, उंट कडेने चालले होते आणि आम्ही दोघी खिडक्या बंद करून मोठ्याने शाळेतल्या कविता म्हणत होतो. तिला आठवायची ती ओळ मी विसरलेली, मला आठवायची ती तिने कधी पाठच केलेली नसायची. त्या गाडीत कधीतरी ‘तुम्ही’ सुटून ‘तू’ झालं. नेमकं कुठे, ते आम्हाला दोघींनाही सांगता आलं नाही.

मग मतदानाची नोटीस आली. शारजातली एक शाळा, शुक्रवारी दुपारी बारा ते दोन.

मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. थोड्या वेळाने त्याच नियमवाल्या गृहस्थांचा फोन आला. शाळा त्याच वेळेला मिळाली म्हणाले. मग म्हणाले, “तसं बघितलं तर वेळ तुमच्या सोयीचीच आहे.” मी बरं म्हणून फोन ठेवला. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शुक्रवारी बारा ते दोन म्हणजे जुम्म्याची नमाज आणि त्यानंतरचं घरचं जेवण. वॉर्डातली निम्मी घरं येऊच शकणार नव्हती.

नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की वेळ बदलली तर तू हरशील, हे तुला कळतंय ना. मी म्हटलं, कळतंय. तो म्हणाला, “मग कर फोन.”

निवडणूक अधिकारी म्हणून दुबईतले एक ऑडिटर काका नेमले होते. मी त्यांना सांगितलं की वेळ बदलली नाही तर मी माझं नाव मागे घेते आणि का घेते ते सभेत सांगते. काका दचकले. त्यांच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं, पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्यांनी शाळेला स्वतः फोन केला आणि वेळ दुपारी चार ते सात झाली.

संध्याकाळी भाभी ताटलीत सांदणं घेऊन आली. म्हणाली, “मी उद्या फोन करणारच होते. पण मी केला असता तर रडीचा डाव म्हणाले असते. तू केलास ते बरं झालं.” आणि सांदण माझ्या तोंडात कोंबून म्हणाली, “आता मात्र मी तुला सोडणार नाही.”

शुक्रवारी चारच्या आधीच शाळेच्या जिन्यावर रांग लागली होती. काय गर्दी होती. अत्तराचा वास, गजऱ्यांचा वास, इस्त्रीच्या कपड्यांचा वास. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या, काही बुरख्यात, पुरुष सुट्टीच्या दिवशी दाढी करून. फुजैराहून दोन कुटुंबं डोंगर उतरून आली. दुबईचे चार-पाच जण नुसती मजा बघायला आले होते, ते जिन्यातच थबकले. त्यांना वाटलं, दुसराच काही कार्यक्रम आहे.

सत्तरीच्या त्या आजी मुलाच्या हाताला धरून आल्या. चिठ्ठी पेटीत टाकली आणि बोट पुढे करून उभ्या राहिल्या. शाई लावा म्हणाल्या. काकांनी समजावलं की ही मंडळाची निवडणूक, इथे शाई नसते. आजी हलायला तयार नाहीत. मत दिलं हे गावाला गेल्यावर सांगायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी काकांनी खिशातलं मार्कर पेन काढून त्यांच्या नखावर ठिपका काढला. मग मागच्या सगळ्यांनाच ठिपका हवा झाला. मुलांनी तर दोन्ही हात पुढे केले. काका सातपर्यंत ठिपके काढत होते.

मोजणी एका वर्गात झाली. खडूने फळ्यावर एका बाजूला समई, एका बाजूला होडी. पाच-पाच मतांचे गठ्ठे रेघांनी वाढत गेले. कधी मी पुढे, कधी ती. आम्ही दोघी पहिल्या बाकावर शेजारी बसलो होतो, गुडघे टेबलाला लागत होते, आणि केव्हातरी तिने माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. शेवटच्या मूठभर चिठ्ठ्या राहिल्या तेव्हा दोघी बरोबरीत होतो.

ती चार मतांनी निवडून आली.

हरल्याचं वाईट वाटून घ्यायला वेळच मिळाला नाही. एसीवाल्यांनी तिथेच बाकावर उभं राहून खड्या आवाजात नांदी म्हटली. तिचा नवरा जिलब्यांचा खोका घेऊन धावत आला. त्याला तिने तोपर्यंत खरोखरच फारसं काही सांगितलेलं नव्हतं, आणि तो सगळ्यांना ‘माझी बायको, माझी बायको’ एवढंच म्हणत होता. माझ्या मुलीने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, “इट्स ओके मम्मी. शी हॅज अ कार.”

माझा नंतरचा काळ त्या जागेवर बसलेली असते तर गेला असता त्याहून जास्त धावपळीत गेला. तिने शब्दाप्रमाणे मला वर्ग काढायला लावला. शुक्रवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर मुलं बसायची, ‘ळ’ काढताना त्यांच्या जिभा अडखळायच्या. कमिटीच्या पहिल्याच मीटिंगला तिने बसची मागणी मांडली. दुबईतल्या कोणीतरी विचारलं की तुम्हाला सूत्रसंचालन वगैरे जमेल का. ती म्हणाली की जमेल का ते तुम्ही येऊन बघा. आणि त्या हिवाळ्यात मंडळाचा कार्यक्रम पहिल्यांदा शारजात झाला. एसीवाल्यांनी बसवलेलं मुलांचं नाटक, त्यात माझी मुलगी प्रधान, भाभीचा धाकटा राजा. दुबईकर रस्त्यात अडकले आणि अर्ध्या नाटकाला धापा टाकत पोचले. ती दारात उभी होती. प्रत्येकाला हसून विचारत होती, “यल्ला, चला, बसा बसा. गावाकडून आलात का?”

दुसऱ्या मुदतीला ती बिनविरोध आली. तिच्यासमोर कोण उभं राहणार? मी तर नाहीच.

तोवर दुबईत घरांची भाडी वाढत चालली होती. एकेक करून दुबईतली कुटुंबं शारजात घर शोधायला लागली. आधी एक-दोन, मग रीघ. आमच्या इमारतीतच मंडळाचे खजिनदार राहायला आले. पुढच्या वर्षी ते नियमवाले गृहस्थही आले, रोल्लाच्या मागच्याच गल्लीत, आणि सकाळच्या ट्रॅफिकबद्दल आमच्यापेक्षा मोठ्याने तक्रार करायला लागले. बघता बघता शारजात सभासद दुबईपेक्षा जास्त झाले.

मग एका सर्वसाधारण सभेत ठराव आला, त्यांनीच मांडलेला. वेगवेगळ्या विभागांची आता गरज उरलेली नाही, सगळ्या जागा सगळ्या सभासदांच्या मतांनी भराव्यात. मागच्या रांगेत मी अस्वस्थ होऊन भाभीकडे बघितलं. तिच्या जागेचाच तो ठराव होता. वाटलं, ती आता उठून बोलेल. तिने सरळ हात वर केला, बाजूने. ठराव एकमताने मंजूर झाला आणि रोल्ला वॉर्ड संपला.

बाहेर पार्किंगमध्ये मी तिला विचारलं की तू एक शब्दही का बोलली नाहीस. ती गाडीचं दार उघडत होती, थांबली. डोळे चमकत होते. म्हणाली, “अगो, नव्वद घरांचा वॉर्ड होता तो. आता सगळं मंडळ मतदार आहे. मी सेक्रेटरीला उभी राहतेय. तू येतेस ना प्रचाराला?”

आम्हाला त्याच वर्षी अबुधाबीला जायचं होतं. नवऱ्याला तिकडे नोकरी मिळाली होती, खलिफा सिटीत घरही बघून ठेवलं होतं. तरी जायच्या आधीचे सगळे शुक्रवार मी तिच्याबरोबर हिंडले. दुबईत करामा, कुसैस, सतवा, जिथे जिथे मराठी पाटी दिसेल तिथे. दार उघडलं की आता ती आधी बोलायची आणि मी मागून फक्त सांगायची, भरभर बोलू नकोस.

ती आली निवडून. फोनवर निकाल सांगताना मागे इतका गोंधळ चालू होता की मला फक्त तिचं हसू ऐकू येत होतं, शब्द काही कळत नव्हते. मी रिसीव्हर कानाला लावून, अर्धं सामान उघडलेल्या त्या नव्या हॉलच्या मधोमध तशीच उभी राहिले आणि मोठमोठ्याने हसत सुटले.